जुन्या मेनफ्रेमचं पॅनेल ओळखायचं कसं? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून वारंवार येणारे प्रश्न

भंगारातून, माळ्यावरून, नाहीतर मुंबई-पुण्यात नोकरी करून परतलेल्या काकांच्या ट्रंकेतून जुन्या मेनफ्रेमची, म्हणजे खोलीभर मोठ्या संगणकाची, दिव्याबटणांची पट्टी निघते आणि फोटो माझ्याकडे येतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. घाईत असाल तर एवढंच करा: आधी दिवे मोजा, मग अक्षरं वाचा, नाव सगळ्यांत शेवटी शोधा. आणि तोवर पॅनेलला फडकंसुद्धा लावू नका.

काय ओ, एक फोटो पाठवला तर ओळखून सांगता काय?

कधी सांगता येतं, बहुतेक वेळा नाही. अंगणात तिरपं ठेवून, वर ऊन चमकतंय असा फोटो असेल तर अजिबात नाही. समोरून सरळ एक, दिव्यांखालची अक्षरं वाचता येतील असे जवळून दोन-तीन, आणि मागच्या बाजूचा एक पाठवा. मागचा फोटो लोक हटकून विसरतात. समोरचा पत्रा कुणीही रंगवू शकतो. मागची वायरिंग, कनेक्टर आणि सर्किटची कार्डं सहसा खरं बोलतात. शेजारी फूटपट्टी ठेवा.

नावाची पट्टीच गायब आहे. सुरुवात कुठून करू?

मोजण्यापासून. पॅनेलवरची सलग दिव्यांची सगळ्यांत लांब ओळ शोधा. मशीन एका दमात जेवढे बिट (० किंवा १ असे आकडे) हाताळायचं, साधारण तेवढे दिवे त्या ओळीत असत. पत्त्याची, म्हणजे मेमरीतली जागा दाखवणारी ओळ बहुधा आखूड असते. ती मोजून फसू नका.

१२ दिवे असतील तर डीईसी (डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन) या अमेरिकी कंपनीचा पीडीपी-८ किंवा त्या जातीचा छोटा संगणक. १६ असतील तर शक्यता फार, त्यावर एकट्यानं निकाल लागत नाही. १८ म्हणजे पीडीपी-७, ९ किंवा १५ कडे बघा. २४ दिसले तर ब्रिटिश आयसीएल १९०० मालिका किंवा कंट्रोल डेटा कंपनीचं ३१००-३३०० घराणं. ३६ हा आकडा जुन्या शास्त्रीय मेनफ्रेमचा: आयबीएम ७०४४, ७०९०, ७०९४, युनिव्हॅक ११०० मालिका, डीईसीचा पीडीपी-१०. ४८ असतील तर कंट्रोल डेटा ३६०० किंवा बरोज. ३२ दिवे आणि दर आठांमागे ‘पी’ लिहिलेला एक जास्तीचा दिवा असेल तर आयबीएमच्या सिस्टीम/३६० चं घराणं; तो ‘पी’ म्हणजे पॅरिटी, चूक पकडण्यासाठी ठेवलेला बिट.

मग गट बघा. तीन-तीनच्या गटानंतर रेघ किंवा रंग बदलत असेल तर मशीन अष्टमान (आठच्या पायाच्या) पद्धतीनं वाचायचं. चार-चारचे गट असतील तर षोडशमान (सोळाच्या पायाचं), आणि तसं असलं की बहुतेक वेळा आपण १९६४ नंतरच्या काळात आलो. सगळ्यांत डावीकडच्या दिव्याखाली शून्य आणि उजवीकडे आकडे वाढत जाताहेत, ही आयबीएम ३६० ची रीत. पीडीपी-११ वर शून्य उजव्या टोकाला असतो. एवढ्या एका गोष्टीवरून अर्धे उमेदवार गळतात.

दिव्यांखाली ० १ २ ३ नसून ८ ४ २ १ असं पुन्हा पुन्हा लिहिलेलं दिसलं तर मशीन दशमान आकडे साठवणारं आहे. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय. आणि एकेका आकड्याला सात दिवे, त्यात दोनांची एक आणि पाचांची एक अशी विभागणी असेल तर मला पत्र नको, थेट फोन करा. तो आयबीएम ६५० चा बाय-क्विनरी प्रकार आहे. ते मशीन १९५३ मध्ये जाहीर झालं आणि त्यात व्हॅक्यूम ट्यूब होत्या.

‘आयबीएम’ लिहिलंय आणि लाल मूठ आहे. ३६०च ना?

शक्यता चांगली, पण मूठ बघून नाचू नका. सिस्टीम/३६० एप्रिल १९६४ मध्ये एका फटक्यात लहान-मोठ्या मॉडेलांसह जाहीर झाली आणि या सगळ्यांच्या पॅनेलवर ऑपरेटरचा एक भाग जवळपास सारखा ठेवला होता, म्हणजे एका मॉडेलवर शिकलेल्या माणसाला दुसऱ्यावर चाचपडावं लागू नये. तो भाग शोधा. ‘लोड युनिट’ लिहिलेले तीन गोल नॉब, त्यांच्याजवळ ‘लोड’चं बटण, ‘पॉवर ऑन’, ‘पॉवर ऑफ’, ‘इंटरप्ट’, आणि पाच दिवे: सिस्टीम, मॅन्युअल, वेट, टेस्ट, लोड. उजवीकडच्या दोन नॉबांवर ० ते ९ च्या पुढे ए ते एफ अक्षरं असतात. तीन नॉबांवर ज्या टेप किंवा डिस्क ड्राइव्हचा क्रमांक लावाल, तिथून मशीन सुरुवात करायचं. हे पाच दिवे आणि हे तीन नॉब एकत्र दिसले तर ३६० किंवा तिच्या पाठची ३७०, यात मला शंका नसते.

लाल मूठ वरच्या उजव्या कोपऱ्याजवळ, ‘इमर्जन्सी पुल’ अशी पाटी. ती ओढली की अख्ख्या मशीनची वीज तुटायची आणि मूठ बाहेरच अडकून राहायची. ऑपरेटरनं ढकलून ती आत जात नसे, देखभालीच्या माणसालाच मागून सोडवावी लागे. तुमच्याकडची मूठ बाहेर आलेली असेल तर हातोडी घेऊ नका. ती बिघडलेली नाही, तिचं कामच ते आहे.

मॉडेल ठरवायचं तर खालच्या नॉबांकडे बघा. मॉडेल ३० वर षोडशमान नॉबांची ओळच ओळ असते. मॉडेल ५० आणि ६५ वर वेगळीच गंमत आहे: दिव्यांच्या ओळीला लागून एक अरुंद खिडकी, आणि तिच्याआड लाटण्यासारखा दंडगोल, ज्यावर नावांच्या पट्ट्या छापलेल्या. बाजूचा नॉब फिरवला की खिडकीतली पट्टी बदलते आणि तेच दिवे आता दुसऱ्या रजिस्टरचे (प्रोसेसरमधल्या आकडा धरून ठेवणाऱ्या जागेचे) होतात. थोड्या जागेत खूप माहिती दाखवायची ती युक्ती. असा दंडगोल अजून फिरत असेल तर प्रत्येक पट्टीचा फोटो काढून ठेवा, कारण मॉडेलचं नाव कुठेच नसलं तरी त्या पट्ट्यांवरून ते निघतं.

आणखी एक खूण. आयबीएमच्या पाटीवर ‘३६०/३०’ असेलच असं नाही. प्रोसेसरच्या पेटीचा प्रकार-क्रमांक वेगळा असायचा: मॉडेल ३० ला २०३०, ५० ला २०५०, ६५ ला २०६५. पुढे ३७० मध्ये मॉडेल १४५ ला ३१४५, १५८ ला ३१५८. म्हणजे ‘२०३०’ वाचून कुणी ‘हे तर २०३० सालचं’ म्हणून हसलं, तर हसू द्या.

सिस्टीम/३७० जून १९७० ची. तिच्या १५५ वर दिवे आणि दंडगोल दोन्ही आहेत. १५८ पासून पडदा आला आणि १९७९ च्या ४३०० मालिकेपर्यंत दिव्यांच्या भिंती संपल्या. त्यामुळे ‘४३४१ चं दिव्यांचं मोठं पॅनेल’ म्हणून कुणी विकत असेल तर पैसे खिशात ठेवा.

पॅनेलवर चौकोन आणि बाणांची आकृती छापलीय. हे काय?

बहुतेक आयबीएम १४०१. ऑक्टोबर १९५९ चं मशीन, आणि भारतातल्या सुरुवातीच्या कचेऱ्यांत याचंच राज्य होतं. याच्या पॅनेलवर मशीनच्या आतली रचनाच काढलेली असते: मेमरीचा पत्ता, ‘ए’ आणि ‘बी’ रजिस्टर, ‘ऑप’, ‘लॉजिक’ असे भाग. अक्षरं दाखवणाऱ्या दिव्यांवर सी, बी, ए, ८, ४, २, १ आणि वर्डमार्कसाठी (शब्दाची हद्द दाखवणाऱ्या खुणेसाठी) ‘एम’. ‘लॉजिक’च्या भागात बी मोठा, बी लहान, बी बरोबर ए अशी तुलनेची चिन्हं असतात. एवढं जुळलं की दुसरा उमेदवार शोधायची गरज नाही.

त्याच्या जवळचा भाऊ १६२०. त्यावर सी, एफ, ८, ४, २, १ अशी ओळ आणि ‘एमएआरएस’ लिहिलेला निवडीचा नॉब. आयआयटी कानपूरमध्ये १९६३ साली आलेलं मशीन हेच, त्यामुळे त्या पिढीतले इंजिनिअर याला डोळे मिटून ओळखतात. घरात असे आजोबा असतील तर मला विचारण्याआधी त्यांना विचारा.

अक्षरं इंग्रजी वाटतात, पण एक ‘आर’ उलटा आहे.

रशियन. आयआयटी मुंबईत आधी मिन्स्क-२ आणि नंतर सत्तरच्या दशकात ईसी-१०३० होतं. ईसी मालिका म्हणजे सोव्हिएत गटातल्या देशांनी सिस्टीम/३६० शी जुळेल अशी बनवलेली मशीनं. म्हणून चार-चारचे गट आणि रशियन लिपी एकत्र दिसली तर ईसीकडे बोट जातं. पण रशियन लिपीची मोजमापाची यंत्रंही आपल्याकडे पुष्कळ आली. दिव्यांऐवजी काटे असतील तर ते संगणकाचं नव्हे.

भारतात बनलेलं असू शकतं काय?

हो, आणि अशी पॅनेलं मला परदेशीपेक्षा जास्त मोलाची वाटतात, बाजार काही म्हणो. हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचा टीडीसी-१२ हा बारा बिटांचा, टीडीसी-३१६ सोळा बिटांचा. म्हणजे बारा खटके दिसले की लगेच ‘पीडीपी-८’ म्हणू नका. ईसीआयएलची खूण, हैदराबादचा पत्ता किंवा ‘टीडीसी’ शोधा. पुण्यात आयसीआयएम ही आयसीएलची भारतातली कंपनी १९०० मालिकेतली यंत्रं बनवायची, त्यामुळे चोवीस दिव्यांच्या ब्रिटिश पॅनेलवर भारतीय पाटी सापडू शकते. आणि आयबीएमच्या यंत्रावर सीएमसीचं स्टिकर असेल तर गोंधळू नका: १९७८ मध्ये आयबीएमनं भारत सोडल्यावर त्या यंत्रांची देखभाल सरकारी सीएमसीकडे गेली.

आमच्याकडे रंगीत खटक्यांचं पॅनेल आहे, तीन-तीन खटके एका रंगाचे.

डीईसी. काटेकोर बोलायचं तर हे मेनफ्रेम नव्हे, मिनी, म्हणजे छोटा संगणक; पण विचारणारे सगळ्यांत जास्त याचेच. बारा खटके असतील तर पीडीपी-८ कुळ. बावीस खटके, जांभळट-गुलाबी रंग आणि १६, १८, २२ लिहिलेले तीन दिवे असतील तर पीडीपी-११/७०, म्हणजे १९७५ च्या आसपास.

आता खबरदारी. या दोन्ही मशीनच्या छोट्या प्रतिकृती हौशी लोक आजही घरी जोडतात, आणि त्या फार सुंदर असतात. खरं पॅनेल १९ इंची रॅकचं असतं, म्हणजे जवळपास ४८ सेंटिमीटर रुंद. तुमचं एक फुटाच्या आसपास असेल आणि मागे रास्पबेरी पाय या आजच्या चिमुकल्या संगणकाचा बोर्ड असेल तर कोडं सुटलं.

दिवेच नाहीत, नुसते बारा ओळींत बारा-बारा खटके आहेत.

हे नशीबवान लोकांना सापडतं. कंट्रोल डेटा ६६०० आणि तिच्या कुळात ऑपरेटरपुढे दोन गोल पडदे असत. खटक्यांचं जाळं असे ते ‘डेडस्टार्ट’ पॅनेलवर. मशीन सुरू करताना पहिल्या सूचना त्या खटक्यांनी हातानं लावायच्या. ‘हा टेलिफोन एक्स्चेंजचा भाग आहे’ असं भंगारवाला ठामपणे सांगेल. त्याच्याशी वाद न घालता त्याच भावात उचला.

साल कसं काढायचं?

कंपनीच्या नावावरून सुरुवात करा. ‘आयसीटी’ असेल तर १९५९ ते १९६८ मधलं, कारण १९६८ मध्ये तिचीच आयसीएल झाली. ‘आरसीए’चं पॅनेल असेल तर १९७१ च्या आधीचं धरा, त्या साली आरसीएनं संगणकाचा धंदा सोडला. ‘युनिसिस’ हे नाव १९८६ च्या आधी असूच शकत नाही.

मग मागची कार्डं. एका कडेला सोळा पट्ट्यांचा संपर्क आणि सुटे ट्रान्झिस्टर लावलेली छोटी कार्डं म्हणजे आयबीएमचा एसएमएस (स्टँडर्ड मॉड्युलर सिस्टीम) प्रकार, १४०१-१६२० च्या काळातला. अर्ध्या इंचाचे चौकोनी ॲल्युमिनियमचे डबे बसवलेले असतील तर ३६० चं एसएलटी (सॉलिड लॉजिक टेक्नॉलॉजी). डीईसीच्या कार्डांना रंगीत मुठी असतात.

काळ्या चिपा असतील तर त्यावर तारीख असते, आणि इथे बरेच जण अडकतात. समजा वर ‘एसएन७४७४एन’ आणि खाली ‘७४३२’ लिहिलंय. वरचा चिपचा प्रकार, खालचा तारखेचा: १९७४ सालचा ३२ वा आठवडा. पण ७४३२ नावाची चिपसुद्धा असते! म्हणून एकाच चिपवर निकाल देऊ नका. पाच-सहा चिपांवरचे आकडे लिहून काढा. ज्या चार आकडी भागाचे पहिले दोन आकडे सगळ्यांवर ७२, ७३, ७४ असे जवळपास फिरतात, ती तारीख. सगळ्यांत नवी तारीख घ्या, आणि दुरुस्तीत बदललेली एखादी चिप उपरी दिसली तर ती बाजूला ठेवा.

खरं कसलं ओ, गणपतीच्या देखाव्यातलं असेल!

असू शकतं. आपल्याकडे मंडळांचे देखावे आणि नाटकाचे सेट यांतून ‘अंतराळयाना’ची पॅनेलं बरीच निघतात. खूण सोपी: दिवे भरपूर, पण खाली नावं नाहीत, किंवा सगळे दिवे दोनच वायरींना जोडलेले. खऱ्या पॅनेलवर प्रत्येक दिव्याला स्वतःची वायर असते आणि मागे तो जाडजूड जुडगा दोऱ्यानं नीट बांधलेला असतो.

उलटही होतं. अमेरिकी हवाई दलाच्या सेज या हवाई संरक्षण यंत्रणेतल्या एएन/एफएसक्यू-७ या अजस्र संगणकाची खरी पॅनेलं नंतर कितीतरी चित्रपट-मालिकांच्या सेटवर गेली. त्यामुळे ‘सिनेमात बघितलंय’ हा खोटेपणाचा पुरावा होत नाही.

आपल्या भागातले खरे तोतये तीन. साखर कारखान्याचं नियंत्रण पॅनेल, ज्यावर टाक्या आणि पाइपांचं चित्र असतं. रेल्वेचं सिग्नल पॅनेल, ज्यावर रुळांचा नकाशा असतो; लोंढा जंक्शनकडच्या लोकांना हे सांगावं लागू नये, तरी फोटो येतातच. आणि वीज उपकेंद्राचं धोका-सूचक पॅनेल, ज्याच्या प्रत्येक चौकटीत ‘ट्रिप’, ‘फॉल्ट’ असं लिहिलेलं. या तिन्हींवर दिव्यांना क्रमांक नसतात, जागांची किंवा बिघाडांची नावं असतात.

वडगावात एका घरी भोकं पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा मिळाला. संगणकाचा काय?

पत्ते दोऱ्यानं एकमेकांना शिवून लांबलचक माळ केली असेल तर ते मागावरच्या जकार्डचे, साडीच्या नक्षीसाठी. संगणकाचा पत्ता सुटा, ८० स्तंभ आणि १२ ओळींचा, भोकं उभी आयताकृती, आणि बहुधा एक कोपरा तिरपा कापलेला. जकार्डचे असले तरी टाकू नका, विणकरांच्या घरी त्यांची किंमत आहे.

प्लग लावून दिवे पेटतात का बघू?

नाही. या पॅनेलांना घरची २३० व्होल्टची लाइन कधीच नव्हती. साधे बल्ब कमी व्होल्टवर चालायचे, निऑनच्या दिव्यांना वेगळा जास्त दाब लागायचा, आणि दोन्हींचा पुरवठा दुसऱ्याच पेटीतून यायचा. सुटा बल्ब तपासायचा तर बॅटरीवर, कमी व्होल्टपासून सुरू करून तपासा. मागे मोठे कपॅसिटर असतील तर हातही घालू नका.

निदान साफ तरी करू?

मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झाडा, बस. थिनर, ॲसिटोन, पितळेची पॉलिश पावडर बिलकूल नको. छापलेली अक्षरं पुसली की पॅनेल मुकं होतं आणि मग मीच काय, कुणीच ओळखू शकत नाही. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात ओल फार. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं तर आत घाम धरून पत्रा गंजतो. सुती कापडात गुंडाळून उंचावर ठेवा.

कार्डांवरचं सोनं काढून घेतलं तर?

एका पॅनेलमागच्या कार्डांत मुलामा इतका पातळ असतो की ॲसिडचा खर्चही निघणार नाही, आणि त्या वाफा छातीला वाईट. भंगारवाले हे जाणतात, म्हणूनच ते वजनावर देतात. उद्यमबागच्या रस्त्याला लागलेलं पॅनेल भट्टीत गेलं की गेलं.

बेळगावात असली वस्तू येतेच कशी?

रस्त्यानं. मुंबई, पुणे आणि बेंगळूर ही संगणकाची तिन्ही गावं ज्या हमरस्त्यावर, त्याच रस्त्यावर निपाणी, संकेश्वर आणि बेळगाव. मोडीत काढलेल्या यंत्रांचे ट्रक इथून जातात, काही इथेच उतरतात. बाकीची निवृत्त फौजी आणि इंजिनिअर आठवण म्हणून घेऊन आले. म्हणून वस्तू देणाऱ्याला एकच विचारा: ही कुठल्या गावच्या कुठल्या कचेरीतून निघाली? त्या उत्तराची चिठ्ठी लिहून पॅनेललाच बांधा.

कन्नडमधून विचारलं तर चालेल?

चालेल की! मागचा फोटो तेवढा पाठवा.

किंमत किती येईल?

आकडा मी सांगत नाही. नावाची पाटी, सगळे नॉब आणि मागची वायरिंग शाबूत असेल तर भाव वेगळा. जुडगा कापून तांबं काढलेलं असेल तर अगदीच वेगळा.

ओळख पटली. आता पुढे?

त्या मॉडेलचं मूळ पुस्तक काढा. आयबीएमनं ३६० च्या मॉडेलांसाठी ‘फंक्शनल कॅरॅक्टरिस्टिक्स’ नावाच्या पुस्तिका काढल्या होत्या आणि त्यांत पॅनेलची रेखाचित्रं आहेत. त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती बिटसेव्हर्स या इंटरनेटवरच्या संग्रहात फुकट मिळतात. १४०१ असेल तर कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये ती यंत्रं दुरुस्त करून चालवून दाखवतात, त्यांचे फोटो आणि चित्रफिती ताडून बघा. रेखाचित्र आणि तुमचं पॅनेल यात एखादा नॉब जास्त किंवा कमी निघाला तर घाबरू नका; मेमरी वाढवली किंवा जादा सोय बसवली की पॅनेलवर भर पडायची. तो फरक लिहून मला कळवा, सोबत मागच्या कार्डांवरचे क्रमांक द्या.